सत्तर लाख, एकशे दहा रात्री

पत्र: "आम्ही नाशिकला असतो. माझं वय ६२, ह्यांचं ६६. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, मी शाळेतून. दोघांनाही पेन्शन आहे. सासऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी घेतलेला बिगरशेती प्लॉट यंदा विकला, आमच्या वाट्याला ७० लाख आले. ह्यांनी लहानपणी रत्नागिरीहून मुंबईला बोटीनं प्रवास केलाय, तेव्हापासून डोक्यात बोट आहे. आता एका एजंटानं साउदॅम्प्टनहून जानेवारीत निघणारी ११० रात्रींची जगप्रदक्षिणा सुचवलीय. माणशी २१ लाख, पण आगाऊ रक्कम आठ दिवसांत भरायची. मार्गात मुंबईही आहे, त्यामुळे दादरची माझी बहीण पुरणपोळ्या घेऊन बंदरावर यायच्या तयारीत आहे. मुलगा लीड्सला असतो, तो म्हणतो, जा. मला मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा मळमळतं. आम्ही शाकाहारी आहोत. जावं का? ४२ लाखांत खरंच होतं का? आणि सोबत लाडू-चकल्या नेता येतात का?"

ताई,

आधी ते आठ दिवस डोक्यातून काढून टाका. जगप्रदक्षिणेच्या सफरी निघण्याच्या दीड-दोन वर्षं आधीपासून विकायला निघतात, आणि "महिनाअखेरपर्यंतच" म्हणणारी सवलत पुढच्या महिन्यात नवं नाव घेऊन परत येते. लवकर बुक करण्याचा खरा फायदा एवढाच की केबिन मनासारखी निवडता येते. बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर माझी एकवीस वर्षं गेली. घाईत आलेला माणूस चांगला दर घेऊन गेला, असं मी एकदाही पाहिलं नाही.

आता तुमचे ७० लाख. ते सगळे तुमचे नाहीत, त्यात सरकारचा वाटा आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. प्लॉट चाळीस वर्षांपूर्वीचा म्हणजे २००१ च्या आधीचा. १ एप्रिल २००१ रोजी त्याची बाजारभावानं किंमत किती होती हे मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून काढून घ्या. त्यावरून भांडवली नफा ठरेल. जुलै २०२४ पासून अशा जुन्या जमिनीला दोन हिशेब करता येतात: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा निर्देशांक लावून २० टक्के. ज्यात कर कमी येतो तो घ्यायचा. विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत रक्कम गुंतवली तर त्यावरचा कर वाचतो, पण पैसे पाच वर्षं अडकतात. म्हणजे कर वाचवायचा आणि त्याच पैशानं बोटीवरही चढायचं, हे जमणार नाही. तुमच्या सीएला या आठवड्यात भेटा, एजंटाला नंतर. मी अंदाजानं सहा-सात लाख करापोटी बाजूला काढते आणि ६३ धरून पुढे चालते.

४२ लाखांत होतं का? नाही. एजंटानं सांगितलंय ते भाडं. केबिन, दोन वेळचं जेवण, चहा, नाटक-गाणी आणि एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणं, एवढं त्यात येतं. बाकीचं तुमच्यासमोर मांडते. पाउंड १२० रुपये आणि डॉलर ९० रुपये धरलाय. पैसे भरायच्या दिवशी दर निराळा असेल हे लक्षात ठेवा. २०१३ च्या सुरुवातीला डॉलर ५५ च्या आसपास होता, २०२२ साली ८० ओलांडून गेला. तुमचा शेवटचा हप्ता वर्षभरानं जाणार असेल तर तोवर रुपया कुठे असेल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एजंट पॅकेज म्हणून बिल करणार असेल तर त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २ लाख १० हजार. त्यावर टीसीएस, म्हणजे एजंट बिलातच कापून सरकारकडे भरतो तो आगाऊ आयकर. ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांवरच्या परदेशी पॅकेजला हा थेट २० टक्के लागायचा, मग २०२५ मध्ये ती मर्यादा दहा लाखांवर गेली, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात दर सरसकट २ टक्क्यांवर आणला गेला. हा काही खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत खिशातून जातो, म्हणून ८४ हजार वेगळे ठेवा. मुंबई-लंडन विमानाचे दोघांचे दीड लाखाच्या वर. मुलाकडे राहणार, तेव्हा हॉटेलचे वाचले. विम्याचे दीड लाख धरा. व्हिसांचे, त्यासाठीच्या मुंबईच्या खेपा धरून, दोन लाख.

मग बोटीवरचे खर्च. बहुतेक अमेरिकन कंपन्या माणशी दररोज १६ ते २० डॉलर सेवाशुल्क, म्हणजे टिप, तुमच्या खात्यावर आपोआप चढवतात. १७ धरले तरी ११० दिवसांचे दोघांचे ३,७४० डॉलर, सुमारे ३ लाख ४० हजार. काही ब्रिटिश बोटींवर हे भाड्यातच असतं. तुमच्या भाड्यात आहे का, हा एजंटाला विचारायचा पहिला प्रश्न. इंटरनेट दिवसाला १५ डॉलर धरलं तर एका फोनचे दीड लाख. तुम्हाला नातवंडांचे फोटो रोज हवे असणार, तेव्हा हा खर्च टळणार नाही.

आणि बंदरावरच्या सहली. इथे पैसे पाण्यासारखे वाहतात. चाळीस बंदरं, प्रत्येक ठिकाणी कंपनीची सहल, माणशी १०० डॉलर. दोघांचे सव्वासात लाख झाले. मी सांगेन, डझनभर ठिकाणी कंपनीची सहल घ्या, जिथे बंदर गावापासून लांब आहे किंवा भाषेची अडचण आहे तिथे. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. स्वतःहून फिरायला गेलात आणि उशीर झाला तर बोट सुटते, आणि पुढच्या बंदरापर्यंतचं विमान तुमच्या खर्चानं. बाकीच्या ठिकाणी शटल बसनं गावात जा, बाजार पाहा, कॉफी प्या, परत या. हे धरून सव्वातीन लाख. कपडे धुणं, औषधं, दात दुखला तर दात, आणि ह्यांची संध्याकाळची एखादी बिअर असेल तर तीही, दोन लाख. वर अडीअडचणीला चार लाख.

बेरीज ६४ लाखांच्या घरात जाते. भाड्याच्या दीडपट. हा ठोकताळा लक्षात ठेवा, कुठल्याही बोटीला लावून बघा, फार चुकत नाही. तुमच्या हातात कर भरून ६३ उरतात. म्हणजे सासऱ्यांचा प्लॉट चार महिन्यांत समुद्रात गेला, आणि वर एक लाख पेन्शनीतून.

पैसे तुमचे आहेत, ते उडवूच नका असं सांगणारी मी कोण? मला अडवणारी गोष्ट वेगळीच आहे.

१९२२ साली 'लॅकोनिया' नावाची बोट न्यूयॉर्कहून सुमारे चार महिन्यांच्या फेरीला निघाली. हौशी प्रवाशांनी एकाच बोटीतून केलेली ती पहिली जगप्रदक्षिणा मानली जाते. तेव्हापासून आजवर ही सफर अशा लोकांसाठी बेतली जाते, ज्यांना रजा मोजावी लागत नाही आणि व्हिसा मागावा लागत नाही. एजंटानं तुम्हाला दिलेल्या पुस्तिकेतलं व्हिसाचं पान उघडून बघा. ते ब्रिटिश पासपोर्टवाल्यांसाठी लिहिलेलं असणार. त्यात "बहुतेक ठिकाणी व्हिसा लागत नाही" असं छापलेलं असेल, आणि ते त्यांच्यापुरतं खरंही आहे. तुमच्या निळ्या पासपोर्टाला ते लागू नाही.

आता क्रमानं बघा. साउदॅम्प्टनहून निघून परत तिथेच यायचं, तेव्हा ब्रिटनचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा आणि परतीच्या दिवशीही जिवंत हवा. मुलाकडे गेला होतात तो सहा महिन्यांचा असेल तर या वेळी दोन वर्षांचा मागा. पनामा कालव्यातून कॅलिफोर्निया, मग हवाई, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा; मूळ शुल्क माणशी १८५ डॉलर आणि सप्टेंबर २०२५ पासून ज्येष्ठांनाही मुलाखतीतून सूट नाही, तेव्हा दोघांनी मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत जायचं. पुढे ऑस्ट्रेलिया. परतताना बोट कॅनरी बेटं, मदेरा, लिस्बन असं काहीतरी घेते, तिथे शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच असलेला व्हिसा. त्याचा अर्ज प्रवेशाच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या अगोदर करताच येत नाही. तुम्ही युरोपात एप्रिलमध्ये शिरणार, म्हणजे ऑक्टोबरच्या आधी अर्ज नाही, आणि जानेवारीत तर तुम्ही बोटीवर. मधे दिवाळी आणि नाताळ.

आणि या सगळ्यासाठी पासपोर्ट एकच. तो एका वकिलातीत पंधरा दिवस अडकला की दुसरी थांबली. एक देश अनेक वेळा लागत असेल तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. बोट त्या देशाच्या पाण्यातून बाहेर गेली की तो संपला. काही देश तर तुम्ही खाली उतरणार नसलात तरी व्हिसा मागतात. यातला एक जरी कागद नसला तर कंपनी तुम्हाला पहिल्याच दिवशी चढू देत नाही, आणि पैसेही परत करत नाही. कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, हे प्रत्येक कंपनीच्या करारात लिहिलेलं असतं. जगप्रदक्षिणेच्या बेताला आपल्याकडे पैशापेक्षा व्हिसाच जास्त वेळा खो घालतो.

तेव्हा माझं म्हणणं असं. बोटीवर जा, पण सगळं वर्तुळ विकत घेऊ नका. त्याचा एक तुकडा घ्या.

एजंट हे आपणहून सांगणार नाही, पण जवळजवळ प्रत्येक जगप्रदक्षिणा तुकड्यांनीही विकली जाते. साउदॅम्प्टन ते सॅन फ्रान्सिस्को, तिथून सिडनी, सिडनीहून सिंगापूर किंवा हाँगकाँग, असे. बोट तीच, केबिन तीच, तोच कप्तान. आजूबाजूला पूर्ण फेरीवाले प्रवासी असतात, आपापल्या टेबलांवर बस्तान बसवलेले, आणि मधेच चढलेल्यांकडे जरा गावकरी पाहुण्याकडे बघतात तसे बघतात. चार दिवसांत सरावतात. मी आणि माझे यजमान २९ रात्रींच्या अशाच एका तुकड्याला गेलो होतो, म्हणून सांगते.

तुमच्यासाठी मी सिडनी ते सिंगापूर हा तुकडा बघेन, फेब्रुवारी-मार्चमधला, साधारण २४ रात्रींचा. कारणं सांगते. पहिलं तुमच्या मळमळीचं. साउदॅम्प्टनहून जानेवारीत निघणारी बोट पहिला आठवडा हिवाळ्यातल्या उत्तर अटलांटिकमधून जाते, आणि तो समुद्र काही मांडव्याची खाडी नव्हे. पूर्ण फेरी घेतलीत तर सगळ्यात वाईट पाणी सगळ्यात आधी, अजून अंगाला सवय नाही तेव्हा. याउलट ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याला बोट बराच काळ प्रवाळभिंतीच्या आतल्या बाजूनं चालते, तिथे पाणी पुष्कळ शांत. त्या दिवसांत तिकडे चक्रीवादळांचा हंगाम असतो, एखादं बंदर गळू शकतं, ते मनाशी धरून जा. दुसरं, व्हिसे. ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरचे आधी काढायचे, इंडोनेशियाचा आपल्याला पोचल्यावर मिळतो. बस्स. तिसरं, तब्येत बिघडलीच तर सिंगापूरहून मुंबई साडेपाच तासांवर आहे. प्रशांत महासागराच्या मधोमध ती सोय नाही. हवाईहून दक्षिणेकडे निघालेली बोट पाच-पाच, सहा-सहा दिवस जमीन बघत नाही.

खर्च. तुमच्या एजंटाच्या भावानं माणशी रात्रीचे १९ हजार पडतात. तुकड्याला रात्रीचा दर चढा असतो, २३ हजार धरू. दोघांचे ११ लाख. विमान, विमा, व्हिसे, टिपा, सहली, जीएसटी धरून १७-१८ लाखांत घरी परत. उरलेल्या ४५ लाखांचं व्याज सुरू राहील. आणि ह्यांना बोट खरंच आवडली तर पुढच्या वर्षी दुसरा तुकडा घ्या. आवडली नाही तर २४ रात्रींत सुटका; ११० रात्रींत नाही.

ह्यांना हे पटणार नाही, मला माहीत आहे. "अख्खी पृथ्वी" या दोन शब्दांत जे आहे ते "सिडनी ते सिंगापूर" मध्ये नाही. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना पंचांगातला एक पूर्ण वार गायब होतो, सोमवारी झोपलेला माणूस बुधवारी उठतो, त्याची मजा या तुकड्यात नाही. (मंगळवारी संकष्टी आली तर ती धरायची की नाही, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.) त्यांना एवढंच विचारा: रत्नागिरीची बोट मुंबईला किती तासांत पोचायची? एका रात्रीत साठवलेलं कौतुक साठ वर्षं टिकलंय. ११० रात्रींपैकी निम्म्याहून अधिक दिवस चहूकडे नुसतं पाणी असतं. पुस्तक, झोप, पत्ते आणि माणसं यांत ज्याचा वेळ जातो त्याला ते स्वर्ग. ज्याला सकाळी सात वाजता गंगापूर रोडवर फेरी मारून चारचौघांत चहा लागतो, त्याला तिसऱ्या आठवड्यात डेकवर नुसत्या फेऱ्या. तुमचे यजमान कुठले, ते तुम्ही जाणता. खात्री नसेल तर आधी मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या दोन-चार रात्रींच्या बोटीवर जाऊन या. तिथली गर्दी आणि गाणी वेगळी असतात, पण केबिन कशी वाटते आणि रात्री झोप लागते का, ते कळतं.

तुकडा घ्या की पूर्ण फेरी, पैसे भरताना एक गोष्ट करा. एजंटाकडून कंपनीचा बुकिंग क्रमांक मागा, त्याच्या स्वतःच्या पावतीचा नको. तो क्रमांक आणि आडनाव कंपनीच्या वेबसाइटवर टाकलं की तुमची केबिन, भरलेली रक्कम आणि शेवटच्या हप्त्याची तारीख दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पैसे एजंटाच्या खात्यातच बसलेत. आगाऊ रक्कम साधारण १० ते २० टक्के असते आणि बहुधा परत मिळत नाही. शेवटचा हप्ता निघण्याच्या तीन ते पाच महिने आधी. त्यानंतर रद्द केलंत तर कपात दर महिन्याला वाढत जाते आणि शेवटी काहीच हाती येत नाही. म्हणून पूर्ण फेरीच घ्यायची ठरली तर आधी अमेरिकेचा व्हिसा काढा. त्याला तिकीट दाखवावं लागत नाही, तो साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो, आणि नाकारला गेला तर आगाऊ रकमेचं नुकसान टळतं.

दुसरं, ज्या बोटी वर्षानुवर्षं धावतायत त्यांच्यावरच जा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तीन वर्षांची एक जगसफर निघण्याच्या तोंडावर रद्द झाली. लोकांनी घरं विकून, भाड्यानं देऊन पैसे भरले होते, आणि कंपनीला जहाजच विकत घेता आलं नव्हतं.

लीड्सच्या मुलाला तिथून बुक करायला सांगू का, असा विचार तुमच्या मनात येईल. काही कंपन्यांचे ब्रिटनमधले दर तिथल्या रहिवाशांपुरतेच असतात, ते आधी तपासा. आणि पैसे इथून तिकडे पाठवताना बँक कारण विचारेल. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे, तुमची रक्कम त्यात सहज बसून जाते, पण फॉर्मवर कारण खरं तेच लिहा. प्रवासाचे पैसे "मुलाला मदत" म्हणून पाठवले की पुढे आयकराच्या नोटिशीत सापडतात.

मुंबईचं काय? ताई, त्यावर भिस्त ठेवू नका. तांबड्या समुद्रात २०२३ च्या अखेरीस व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि २०२४ च्या जानेवारीपासून जगप्रदक्षिणेच्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. त्यात मुंबई, दुबई, अकबा अशी बंदरं मार्गातून गळाली. परिस्थिती निवळली की मार्ग बदलतील, पुन्हा बिघडली की पुन्हा बदलतील. कुठलंही बंदर न कळवता वगळण्याचा हक्क करारात कंपनीकडे असतो आणि त्याची भरपाई मिळत नाही. शिवाय बोट आली तरी बहिणीला बॅलार्ड पियरच्या फाटकाच्या आत सोडणार नाहीत, आणि घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या बोटीवर चढवू देत नाहीत.

तब्येतीचं थोडक्यात पण कसून. विम्याच्या अर्जात ह्यांचा रक्तदाब, तुमचं थायरॉइड, जे असेल ते सगळं लिहा. लपवलेल्या दुखण्याचा दावा नाकारला जातो. आजारी माणसाला बोटीवरून हलवून देशात आणण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, ते बघा. हेलिकॉप्टर आणि हवाई रुग्णवाहिकेचं बिल तुमच्या प्लॉटएवढं होऊ शकतं. बोटीवरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये खात्यावर चढतं, दावा नंतर तुम्ही करायचा. औषधं पूर्ण मुदतीची आणि वर पंधरा दिवसांची घ्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, ब्रँडचं नको. पूर्ण फेरीत पनामा किंवा ब्राझील लागला तर पुढचे देश पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला मागू शकतात. ही लस साठीनंतर डॉक्टरला विचारूनच घ्यायची असते, तिचेही धोके आहेत. सिडनी-सिंगापूरला ही भानगड नाही.

बोट लागण्यावर: केबिन मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्या. वरची बाल्कनीवाली महाग असते आणि हलतेही जास्त, म्हणजे पैसे देऊन मळमळ विकत घेण्यासारखं. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची, नंतर उपयोग थोडा. कुठली, ते तुमच्या डॉक्टरला विचारा. आल्याची वडी जवळ ठेवा.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच पुस्तिकेत नसते. समुद्रात आपल्या बँकेचा ओटीपी येत नाही. आमच्या सफरीत माझ्या यजमानांचा फोन एका रात्रीत बोटीच्या उपग्रह नेटवर्कला चिकटला, सकाळी साडेअकरा हजारांचं बिल. तेव्हापासून चढल्या चढल्या फोन फ्लाइट मोडवर. पण मग ओटीपी नाही, आणि ओटीपी नाही म्हणजे मुदत ठेवीचं नूतनीकरण नाही, विजेचं बिल नाही, काही नाही. निघण्याआधी सोसायटी, वीज, गॅस यांची बिलं आपोआप भरली जातील असं करा, परदेशात चालणारी दोन कार्डं घ्या, त्यातलं एक डॉलर भरून ठेवलेलं. साध्या क्रेडिट कार्डावर दर व्यवहाराला साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि त्यावर जीएसटी जातो. हयातीचा दाखला नोव्हेंबरातच देऊन टाका. कामवाल्या बाईंचा पगार सुरू ठेवा. परत आल्यावर त्या दुसरीकडे लागलेल्या असल्या तर बोटीचा सगळा आनंद पहिल्या सोमवारी उतरेल.

जेवणाची चिंता नको. ब्रिटिश बोटींवर खलाशी आणि वाढप्यांमध्ये गोव्याची पोरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पहिल्याच संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाला सांगून ठेवा की शाकाहारी, अंडंही नको. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं सांगितलं की वरण-भात मिळतो, भाजीही जिऱ्याच्या फोडणीची मिळते. आम्हाला मडगावच्या एका वाढप्यानं पंधराव्या दिवशी कोकणीत विचारलं होतं, "सोलकढी जाय?" कोकम कुठून आणलं ते त्यानं सांगितलं नाही.

लाडू-चकल्या. दुकानातलं, कंपनीच्या सीलबंद पाकिटातलं न्या, ते केबिनपर्यंत जातं. पण केबिनच्या बाहेर, खाली बंदरावर नेऊ नका, विशेषतः ऑस्ट्रेलियात. तिथे बी-बियाणं, तूप, फळं, सगळ्याची कसून तपासणी होते, पर्समध्ये विसरलेल्या बडीशेपेसाठीही दंड बसू शकतो. फॉर्मवर खाद्यपदार्थाच्या चौकटीत खूण करून दाखवलेलं बरं, फार तर काढून घेतील. आणि सिडनीला विमानानं उतरणार असाल तर डबा घरीच ठेवा. मेतकूट हवंच असेल तर सीलबंद न्या, जाहीर करा आणि जाऊ देतात का बघा.

बहिणीला म्हणावं, सिंगापूरचं विमान मुंबईलाच उतरतं. नाशिकची गाडी दुसऱ्या दिवशीची काढा. पुरणपोळ्या दादरला, गरम.